तारेखालचं लाकूड

फ्लिंट, ११ जून १९८४

प्रिय लेम्पी,

पोचलो. पूल ओलांडून दक्षिणेला, खाली आलो आणि गाडीचा सायलेन्सर तुटून रस्त्यावर घासायला लागला. तो तारेने बांधून कसाबसा घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी सहाला कारखान्यात हजर. म्हणून पत्राला उशीर.

बाबा फेब्रुवारीपासून मेपर्यंत दफनभूमीच्या त्या दगडी खोलीत गोठलेली जमीन मऊ व्हायची वाट बघत पडून होते, हे काही मनातून जात नाही. जन्मभर कोणासाठी पाच मिनिटं न थांबलेला माणूस! निदान माती द्यायला तरी मी वेळेवर आलो.

आता कामाचं. घर, रान, ट्रॅक्टर, सगळं तुम्ही नवराबायको घ्या, तू आणि वॅली. कागद पाठव, सही करतो. मला एकच वस्तू हवी आहे, बाबांची बावीस कॅलिबरची रायफल. पाइनक्रेस्टच्या कॅटलॉगातली सगळ्यात स्वस्त. एका वेळी एकच काडतूस, आणि तेही करंगळीच्या पेरापेक्षा लहान. बाजारात मांडली तर कोणी ढुंकून बघणार नाही. पण मी बारा वर्षांचा असताना पहिला ससा मारला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "मी गेल्यावर ही तुझी." तू तिथेच होतीस, सशाचं कातडं सोलत. पुढे मी शेत सोडून कारखान्यात आलो आणि ते माझ्याशी बोलेनासे झाले. नंतर बोलायला लागले ते फक्त हवेबद्दल. पण तो शब्द त्यांनी कधी परत घेतला नाही. ती रायफल हातात आली म्हणजे त्यांनी मला माफ केलं असं मी धरणार आहे. एवढ्यासाठीच हवी.

तुला बंदुकीतलं काही कळत नाही, म्हणून खूण सांगतो. नळीवर 'पाइनक्रेस्ट' लिहिलंय आणि दस्त्याच्या मानेला तांब्याची तार गुंडाळली आहे. माझ्या हातून पडून तिथे तडा गेला होता, तेव्हाची ती तार.

चर्चच्या तळघरात कॉफी घेताना तू डेलबद्दल विचारलंस. सात वर्षांत त्याने एक ओळ लिहिली नाही, मीही नाही. त्याची आई गेली तेव्हा मी माझ्या पोराला हाताशी धरून, युनियनच्या पाया पडून नोकरी लावली, आणि तिसऱ्या आठवड्यात तो गाड्या जोडायच्या चालू लाइनवरून उठून निघून गेला. सगळ्या कारखान्यासमोर माझं नाक कापलं. तो विषय पुन्हा काढू नकोस.

तुझा,
रेइनो

कुसी लेक, ८ जुलै १९८४

प्रिय रेइनो,

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले, पण इथे गवत कापणी आणि स्ट्रॉबेरी एकदमच अंगावर आल्या. त्यात डास. वॅली म्हणतो, या वर्षी डासांना परवाना काढायला लावला पाहिजे.

रायफल आहे रे, जाते कुठे? पण तुला नक्की तीच हवी का? बाबांचं खिशातलं घड्याळ आहे, अजून चालतं. सौनाच्या न्हाणीत गरम दगडांवर पाणी घालायची त्यांची पितळी पळी आहे. ती तर त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली. तू लहानपणी त्या पळीसाठी माझे केस ओढायचास. विचार कर. माणसाची आठवण म्हणून बंदूकच कशाला लागते?

वॅलीचं म्हणणं, पुलाखालच्या भुताला रायफल काय करायची, तिथे ससे नाहीत, नुसते जुने टायर आहेत. पुलापलीकडे खाली राहणाऱ्या सगळ्यांनाच तो भुतं म्हणतो, मनावर घेऊ नकोस.

तरी तुझं तेच म्हणणं असेल तर ऑगस्टमध्ये वॅलीचा पुतण्या खाली येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. शोधून, पुसूनबिसून ठेवते. सोबत वेलदोड्याचा पाव पाठवीन. तिकडे मिळतो तो पाव नव्हे, कापूस आहे.

कागद सावकाश बघू. घर विकायची मला घाई नाही.

तुझी,
लेम्पी

फ्लिंट, १९ ऑगस्ट १९८४

लेम्पी,

पाव छान होता. आधी तेवढं सांगून टाकतो, कारण पुढे गोड काही नाही.

पुतण्याने घोंगडीत गुंडाळलेली रायफल टेबलावर ठेवली. नळीवर 'पाइनक्रेस्ट', मानेला तार. माझे डोळे भरून आले, पुतण्यासमोर लाज वाटली. मग ती उचलून खांद्याला लावली आणि हातालाच कळलं की काहीतरी चुकतंय.

पाइनक्रेस्ट हे दुकानाचं नाव आहे, लेम्पी. बंदूक बनवणाऱ्याचं नाही. जो कारखाना स्वस्तात देईल त्याचा माल घ्यायचा आणि त्यावर आपला शिक्का मारायचा, हा त्या दुकानाचा धंदा होता. नळीवरच्या नावावरून रायफल ओळखणं म्हणजे गोणीवरचं नाव वाचून बटाटा कुठल्या शेतातला ते सांगणं.

बाबांच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, बंद केला की मागचा गुंडा बोटांनी ओढून ताणावा लागे. जानेवारीत बोटांची कातडी त्याला चिकटायची. हिचा बोल्ट बंद करताच आपोआप ताणला जातो. चापाभोवतीची कडी बाबांची पत्र्याची होती, हिची प्लॅस्टिकची. नळी आणि दस्ता जोडणारा खालचा मोठा स्क्रू बाबा नाण्याने फिरवायचे, त्याची खाच झिजून रुंद झाली होती. हिच्या स्क्रूवर ओरखडासुद्धा नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत, हिच्यावर नंबर आहे! पूर्वी या स्वस्तातल्या बावीसच्यांवर नंबर टाकायची कोणाला गरज वाटत नसे. अडुसष्टच्या कायद्याने तो सक्तीचा झाला. बाबांनी त्यांची घेतली सदतीस साली.

तरी मी स्वतःची समजूत घालत होतो. म्हातारपणी बाबांनी बोल्ट बदलला असेल, अमुक केलं असेल. शेवटी मी तार सोडली. तारेखालचं लाकूड अखंड होतं. तडा नाही, डिंक नाही, काही नाही. न मोडलेल्या हाडाला कोणी पट्टी बांधतं का?

हे कोणाचं डोकं ते मला कळतं. तुला नळी आणि दस्ता यातला फरक कळत नाही. वॅलीला कळतो. त्याने बाबांची रायफल कोणाच्या गळ्यात मारली आणि किती बिअर प्यायला, ते त्याला विचार. आणि परत आणायला सांग.

रेइनो

कुसी लेक, ३ सप्टेंबर १९८४

रेइनो,

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! तुझं पत्र मी वॅलीला वाचून दाखवलं नाही, पण तो टेबलावरून घेऊन स्वतःच वाचून बसला. तेव्हापासून गोठ्यातच आहे. जेवायला हाक मारली तर "चोराला भूक नाही" म्हणतो.

ऐक मग. हो, ही बाबांची नाही. जुलैत हेंड्रिक्सनच्या शेताचा लिलाव होता. तिथे मोडका पलंग आणि दुधाचे दोन कॅन यांच्या मधे ती उभी होती. मी नाव वाचलं आणि हात वर केला. शिकागोचा एक उन्हाळी पाहुणा घरातल्या शेकोटीच्या वर भिंतीवर टांगायला म्हणून माझ्याविरुद्ध बोली चढवत होता. लिलाववाला ओरडला, "लेम्पीबाई, नवऱ्यावर एवढा राग?" सगळं गाव हसलं. मी हात खाली घेतला नाही. जन्मात पहिल्यांदा बंदूक विकत घेतली, ती तुझ्यासाठी.

तार वॅलीने गुंडाळली. टेबलाशी बसून, चिमट्याने, जीभ दातात धरून. नवी वाटू नये म्हणून मातीत घासली. तो म्हणत होता, "रेइनो ओळखेल." मी म्हटलं, "त्याला हवंय ते त्याला मिळू दे, तो कशाला खोलात जातोय?" चूक माझी. मला वाटलं, तुला रायफल हवी आहे. तुला तर पुरावा हवा होता.

बाबांची रायफल कोणी विकली नाही. बाबांनी जिवंतपणी, शुद्धीत, स्वतःच्या हाताने दिली. कोणाला, ते सांगणार नाही. शब्द दिलाय.

वॅलीची माफी माग.

लेम्पी

फ्लिंट, २१ सप्टेंबर १९८४

लेम्पी,

बाबांनी दिली! मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं, तो उठून नाही म्हणायला येत नाही. बाबा गरम डोक्याचे होते, हट्टी होते, पण दिलेला शब्द मोडणारे नव्हते. दिली असती तर मला फोनवर सांगितलं असतं. दर महिन्याला मी फोन करत होतो. बर्फ किती पडलं ते सांगायचे, आणि हे सांगितलं नसतं?

एकदा खोटी रायफल पाठवलीस, आता खोटी गोष्ट पाठवते आहेस. तिलाही तार गुंडाळलेली दिसते.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की मी वर येतो आहे. बाबांचं घर उघडून बघीन, वॅलीचा गोठा बघीन, गावात घरोघर विचारीन. हवं तर शेरीफला बरोबर घेईन. नंबर नसला म्हणून काय झालं? ती रायफल मी अंधारात, नुसत्या हाताने ओळखीन. आणि ती वॅलीच्या कुठल्या मित्राच्या भिंतीवर सापडली, तर मला बहीण नव्हतीच असं मी समजेन.

माफी मागायची सवय मला नाही, ते तुला ठाऊक आहे.

रेइनो

कुसी लेक, १४ ऑक्टोबर १९८४

रेइनो,

तुझं पत्र ज्याला दाखवायला हवं होतं त्याला दाखवलं. तो म्हणाला, "आत्या, सांगून टाक. शेरीफ कशाला?" म्हणून सांगते.

बाबांची रायफल डेलकडे आहे.

एक्याऐंशीच्या शरदात तो इथे आला. चार वर्षं खनिज वाहणाऱ्या बोटींवर काम करून, खांद्यावर एक पिशवी. बाबांच्या दारात उभा राहिला तर बाबांनी विचारलं, "लाकडं फोडता येतात का?" आणि आत घेतलं. तेव्हापासून तिथेच आहे. आधी सौनाच्या बाहेरच्या खोलीत झोपायचा, मग बाबांचे पाय गेले तेव्हा त्यांच्या पलंगाशेजारी. त्यांना उचलून आंघोळीला न्यायचा. शेवटी चमच्याने भरवायचा. तू महिन्याला फोन करायचास ना, तो फोन उचलून बाबांच्या कानाला कोण लावत होतं असं तुला वाटतं?

पहिल्याच दिवशी त्याने मला शपथ घातली, "माझ्या बापाला कळलं तर मी निघून जाईन." तो गेला असता तर म्हाताऱ्याकडे कोण बघणार होतं? मी गप्प बसले. मे महिन्यात तू आलास तेव्हा रस्ता चिखलाचा आहे म्हणून तुला घराकडे फिरकू दिलं नाही. तिथे त्याचे कपडे वाळत होते.

रायफल बाबांनी त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला दिली. केक कापला, कॉफी झाली, आणि खुंटीवरून काढायला लावून सगळ्यांसमोर त्याच्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, "बाबा, ती रेइनोला द्यायची होती." तुझी बाजू घेतली रे मी! तर म्हणाले, "रेइनोला रायफल पाहिजे. याला मी पाहिजे." आणि केक मागितला.

हे मला तुला लिहायचं नव्हतं. म्हणून लिलावात हात वर केला होता. तुझ्या भिंतीवर एक रायफल टांगली जाईल, तू म्हातारा होशील, आणि बाबांनी माफ केलं असं समजून मरशील, एवढंच मला हवं होतं. तुला ते मानवलं नाही.

आता एक माझं ऐक. बाबांनी तुझ्याशी जे केलं तेच तू डेलशी केलंस. शेत सोडलंस म्हणून ते बोलले नाहीत, कारखाना सोडला म्हणून तू पोराची बॅग पायरीवर ठेवलीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो आपल्या घराण्याचा. पत्ता बाबांचाच आहे. त्याला लिही. रायफलीबद्दल लिहू नकोस, त्याला लिही.

लेम्पी

फ्लिंट, २ नोव्हेंबर १९८४

डेल,

तुझ्या आत्याने कळवलं की तू वर आहेस. बरं झालं. तिथली थंडी तुला सोसेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या वडिलांची रायफल तुझ्याकडे असल्याचं समजलं. ती त्यांचीच आहे का, याची खात्री करायला हवी, कारण या प्रकरणात एकदा फसवणूक झाली आहे. तरी पुढच्या गोष्टी नीट बघून कळव. मानेजवळच्या तारेखाली तडा आहे का, आणि तो कुठून कुठपर्यंत जातो? तार एका जागी दुहेरी आहे का? खालच्या स्क्रूची खाच झिजलेली आहे का? नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी किंचित डावीकडे वाकलेली आहे का? मी ती दाराच्या चौकटीवर आपटली होती. नळीवर दुकानाच्या नावाशिवाय कुठे नंबर आहे का?

ती तुझ्या आजोबांनी मला कबूल केली होती, हे तुला कदाचित कोणी सांगितलं नसेल. पण त्यांनी ज्या अर्थी तुला दिली त्या अर्थी मी हक्क सांगत नाही. नुसती बघायची आहे. पंधरा तारखेला मोसम सुरू होतो. मी रजा काढू शकतो. तुला अडचण नसेल तर तिथे एखादा दिवस थांबता येईल.

नळीला तेल देत जा. फार नको, चिंधीला लागेल एवढंच.

तुझा बाप,
रेइनो पेल्कोनेन

कुसी लेक, ९ नोव्हेंबर १९८४

श्री. रेइनो पेल्कोनेन यांस,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

तडा आहे. चापाच्या मागून निघून वर बोल्टच्या खाचेपर्यंत जातो. तार शेवटच्या तीन वेढ्यांत दुहेरी आहे. आजोबा म्हणायचे, तिथे तार अपुरी पडली म्हणून रेडिओतली काढून जोडली. स्क्रूची खाच झिजली आहे. माशी डावीकडे वाकली आहे, म्हणून मी सशाच्या किंचित बाजूला नेम धरतो. नंबर कुठेही नाही. तेल मी देतो.

तुम्हाला ती कबूल केली होती, हे मला माहीत होतं. आजोबांनीच सांगितलं. तुमच्या पहिल्या सशाची गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की तो ससा मीच मारला असं मला वाटायला लागलं आहे. ते तुमच्याबद्दल वाईट बोलायचे नाहीत. फोन ठेवला की विचारायचे, "तो येतो म्हणाला का?" मी म्हणायचो, "नाही." मग झोपायचे. हे आत्याला माहीत नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. मी सुतारकाम करतो, हिवाळ्यात लाकूडतोडीवर जातो. तब्येत बरी आहे. अंगाने दुप्पट झालोय, दाढी वाढवली आहे. थंडी सोसते.

पंधराला येऊ नका. रायफल बघायला म्हणून तर नकोच. ती तुम्हाला ओळखता येते, हे मला पटलंय. नंबर नाही, नाव दुकानाचं, तसल्या हजारो निघाल्या असतील, पण तुम्ही ती अंधारात ओळखाल. आत्याने तुमचं ते पत्र दाखवलं.

आजोबांची कबर मी खणली. दफनभूमीचा माणूस यंत्र लावणार होता, मी नको म्हटलं. खाली दोन हातांवर माती अजून गोठलेलीच होती, तिथे पहार लागली. तुम्ही सगळे आलात तेव्हा मी फावडं घेऊन बाजूला, पाइनच्या झाडापाशी उभा होतो. प्रार्थना संपली आणि मी माती लोटली. बाकीचे कॉफीला निघाले, तुम्ही मागे राहिलात. मी ठरवलं होतं की आपणहून बोलायचं नाही. पण तुम्ही सरळ माझ्याकडेच चालत आलात, तेव्हा मी टोपी काढली. माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होतात. माझ्या तोंडाकडे चांगलं बघितलंत. तुमचे डोळे ओले होते.

तुम्ही म्हणालात, "छान काम केलंस, बेटा."

मला वाटलं, ओळखलंत. मग तुम्ही खिशातून पाकीट काढलंत.

डेल